द्वारकाबाईचं चाडं

आवडाबाईला सगळ्यात आधी राग यायचा तो त्या लुगड्याचा.

हिरवंगार, जरीच्या काठाचं नऊवारी. हॉटेलच्या मालकानं भाकरी थापणाऱ्या बायकांसाठी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून गठ्ठ्यानं आणलेलं. सकाळी घरून सुती पातळ नेसून यायचं, मागच्या पत्र्याच्या खोलीत ते सोडायचं, हे नेसायचं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायचं. आवडाबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी तिनं कुंकवाची डबी परत केली तेव्हा मालक, म्हणजे काकासाहेब, हसला होता.

"काकू, इथं तुम्ही आवडाबाई नाय. इथं तुम्ही आजी. गिऱ्हाइकाला चुलीमागं भरलं कपाळ दिसलं पाहिजे."

तिनं कुंकू लावलं. संध्याकाळी निघताना मात्र ती हौदावर कपाळ इतकं घासायची की कातडी लाल व्हायची. घासून कुंकू जायचं, लाली तशीच राहायची.

हॉटेलचं नाव 'आजोळ'. जालना रोडला, करमाडच्या अलीकडं. दारात बैलगाडी होती, तिला बैल नव्हते. अंगणात विहीर होती, तिला पाणी नव्हतं. शहरातली माणसं गाड्या भरून यायची, बाजेवर मांडी घालायची, पिठलं-भाकर आणि ठेचा खायची आणि गावाकडच्या चवीचं कौतुक करत ढेकर द्यायची. खरं गाव तिथून जेमतेम कोसभरावर होतं, पण तिकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आवडाबाईसारखा काकासाहेबही त्याच गावचा. त्याच्या बापानं शेतं राखली, यानं ती रस्त्याकडेनं विकली आणि राहिलेल्या तुकड्यावर गाव उभं करून गिऱ्हाइकाला दाखवायला लागला.

तीन चुली ओळीनं. मधल्या चुलीवर आवडाबाई, शेजारी सरूबाई. सकाळी बसल्या की दुपार टळेपर्यंत उठायचं नाही. गुडघे आखडायचे, पापण्या धुरानं सुजायच्या, उजव्या हाताची बोटं तव्याच्या कडेला लागून लागून काळी पडलेली. समोर दोरी बांधलेली होती. दोरीपलीकडून लोक मोबाइल धरून उभे राहायचे. "आजी, फुगली की इकडं धरा," असं म्हणायचे. आवडाबाई भाकर फुगवायची आणि धरायची.

आता तिचा जीव तिथं लागत नव्हता. परतीचा पाऊस जोरात झडून गेला होता आणि मग ऊन पडलं होतं. काळी जमीन वापशावर आली होती. पायाला माती चिकटत नाही, पण दाबली तर ओल लागते, तसा तो नेमका वापसा. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा तो असाच. चार दिवस हुकले की वरची ओल उडते आणि दाणा मातीत नुसता पडून राहतो.

शनिवारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर ती काकासाहेबासमोर जाऊन उभी राहिली.

"दोन दिस सुट्टी पायजे. पेरणी हाय."

"पेरणीला काय दोन दिवस लागतात, काकू? ट्रॅक्टर लावा. घटकाभरात मोकळं."

"आमच्यात शाळू तिफणीनंच पेरत्यात."

काकासाहेब मोबाइलवर बोटं फिरवत होता. ती थांबली. त्यानं वर बघितलं, मग लगेच दुसरीकडं बघितलं.

"बरं बरं. सोमवार-मंगळवार घ्या. रविवार मात्र सोडायचा नाय."

एरवी हा माणूस लघवीला उठलं तरी घड्याळ बघायचा. आज इतका मऊ कसा झाला, हे आवडाबाईला कळलं नाही. सुट्टी मिळाली याच आनंदात ती घरी आली.

संध्याकाळी कडूबा जेवायला बसला होता. कडूबा तिचा एकुलता एक. शेंद्र्याला कंपनीत कंत्राटावर होता. मधे चार महिने ब्रेक देऊन घरी बसवला होता, आता पुन्हा घेतला होता. सून आशा तव्यावर भाकर टाकत होती.

"सोमवारी बद्रीनाथाचं बैल सांगितल्यात," आवडाबाई म्हणाली. "उद्या तिफण खाली काढ. नळं फुटलं आसतील तर आत्ताच बघून ठेव."

कडूबाचा घास तोंडात तसाच राहिला.

"ट्रॅक्टर सांगतो ना माय. गावात एक बैलजोड राह्यली, तिच्या मागं कशाला लागती?"

"म्या सांगितलं त्याला. तू तिफण काढ."

"तिफण सांडूकाकानं नेली."

"कवा?"

"उन्हाळ्यात. मागायला आला व्हता."

"आन् चाडं?"

"तिच्यासंगंच गेलं आसंल."

"संगं कसं जाईल? चाडं तिफणीला नव्हतंच. माळ्यावर माझ्या पेटीमागं पोत्यात गुंडाळून व्हतं."

कडूबा हात धुवायला उठला. ताटात अर्धी भाकर तशीच होती. आशानं तव्यावरून नजर वर केली नाही.

आवडाबाई शिडी लावून माळ्यावर गेली. पेटी होती. पोतं होतं, व्यवस्थित घडी घातलेलं. घडीमध्ये काही नव्हतं.

चाडं म्हणजे दिसायला काय, लाकडाचा एक वाडगा. बुडाला तीन भोकं. भोकांना बांबूचे नळे जोडायचे, नळे तिफणीच्या तीन फणांत उतरायचे. बैल पुढं, औत हाकणारा मधे आणि मागं चाड्यावर मूठ धरून बाई. मुठीतून दाणा असा सुटायचा की तिन्ही भोकांत सारखा जावा. एका तासात, म्हणजे फणानं ओढलेल्या ओळीत, दाट आणि दुसऱ्यात विरळ झालं तर पीक उगवल्यावर सगळ्या गावाला कळायचं की मूठ कुणाची होती.

हे चाडं तिच्या सासूचं, द्वारकाबाईचं. रझाकारांच्या धामधुमीत गाव रात्रीतून उठलं तेव्हा बायकांनी तांब्या-पितळेची भांडी उचलली. द्वारकाबाईनं डोक्यावर चाडं घेतलं, त्यात बियाची ज्वारी आणि वर फडकं. सरहद्द ओलांडून नगरकडं नातेवाइकांकडं राहिले. पोलीस ॲक्शन झाली तशी माणसं परतली. घरात मडकं उरलं नव्हतं, पण शाळूची वेळ होती आणि तिच्यापाशी बी होतं. त्या साली त्या शिवारात सगळ्यात आधी पेरलं ते द्वारकाबाईनं. तेव्हापासून दर पेरणीला तीच मूठ. हात टेकून टेकून चाड्याच्या काठाला एका बाजूनं खोलगट जागा झाली होती. मनगटाच्या बांगड्या घासून त्याखाली बारीक रेघा पडल्या होत्या.

आवडा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला शेतात उभं केलं, तिचा हात त्या खोलगट जागेत ठेवला आणि वरून आपला हात धरला. एक अख्खं तास दोघी तशाच चालल्या. "मूठ आवळू नको," द्वारकाबाई म्हणाली होती, "तुझ्या बापाचं काय जातंय? दाणा आपल्या पायानं जातो." सासू मेली तेव्हा दागिना असा नव्हताच. वाटणीत मोठ्या सुनेकडं चाडं आलं. खरिपाला कपाशी टोकायची असायची, तिला तिफण लागत नाही. वर्षातून एकदा, शाळूला, ते माळ्यावरून खाली यायचं. आवडाबाईचा हात त्या खोलगट जागेत असा बसायचा की चाड्याकडं बघायची गरज पडायची नाही.

रविवारी उजाडताच ती दिराच्या दारात गेली. सांडू ओसरीवर दात घासत बसला होता. त्याची बायको चतुराबाई आत चहा ठेवत होती. शेजारचे दोघे कट्ट्यावर.

"भावजी, तिफण घेतली तर घेतली. चाडं न इचारता नेलं ते बरं नाय केलं."

सांडूनं चूळ भरली.

"कुणी नेलं?"

"तुमीच. उन्हाळ्यात. कडूबा म्हणला."

"वहिनी, माझा बैल मरून चार सालं झाली. तिफण घेऊन काय गळ्यात बांधू?"

"मग घरात नाय, तर जाईल कुठं?"

कट्ट्यावरचे दोघे बोलायचे थांबले. सांडू उठून उभा राहिला. तो शांत माणूस होता, पण त्याची मान लाल झाली.

"वाटणीच्या वक्ताला आईचं चाडं तुमच्याकडं गेलं. म्या तिचा धाकला, मला तिचं एक चिंधूक मिळालं नाय. म्या तोंडातून चकार शब्द काढला व्हता का? आन् आज चार माणसांत मला चोर करता?"

आतून चतुराबाईनं चहाचं पातेलं चुलीवरून उतरवून खाली ठेवल्याचा आवाज आला. कप काही बाहेर आला नाही. दीर-भावजयीच्या नात्यात इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती मान खाली घालून रस्त्याला लागली.

रविवारी आजोळात मुंगीला जागा नव्हती. दारात गाड्यांच्या रांगा, आत पोरांचा कालवा. आवडाबाई थापत होती, पण भाकरी कडेला चिरत होत्या. सरूबाईनं दोनदा विचारलं, काय झालं. दोन्ही वेळा तिनं पुढचा गोळा उचलला.

दुपारी मॅनेजर आला. मुकुंदवाडीचं पोरगं, कानात मोबाइलचं यंत्र घातलेलं.

"आजी, हात धुवा. हॉलमध्ये फॅमिली आहे, त्यांना तुमच्यासोबत फोटो पाहिजे."

नवा हॉल गेल्याच महिन्यात झाला होता. चुलीवरच्या बायकांना तिकडं जायचं काम नव्हतं. त्यांची ये-जा मागच्या दारानं. आवडाबाईनं पदर सावरला आणि त्या गार हॉलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं. उन्हातून आल्यामुळं तिला आधी काही दिसलं नाही. मग भिंत दिसली. भिंतीवर सुपं, विळे, एक जातं, घुंगरमाळा. आणि मधोमध, फण छताकडं करून उलटी टांगलेली तिफण. डाव्या फणाला लोखंडी पट्टी होती. तो फण तडकला तेव्हा तिच्या नवऱ्यानं करमाडच्या लोहाराकडून ती ठोकून आणली होती.

"इथं उभ्या राहा आजी, मधल्या टेबलापाशी," मॅनेजर म्हणाला. "वर लाईट चांगला आहे."

तिनं वर बघितलं. काळ्या वायरला चाडं पालथं लटकत होतं. आतून पिवळा दिवा. वरच्या बाजूला गेलेल्या भोकांतून उजेड निघून छतावर ठिपके पडले होते.

"किती गोड लॅम्प आहे ना," टेबलावरची बाई मुलीला म्हणाली. "आजी, तुम्ही त्याला हात लावल्यासारखं करा. छान येईल फोटो."

आवडाबाईनं हात वर केला.

"हात नका लावू," मॅनेजर म्हणाला. "अँटिक आहे ते. आणि करंट आहे."

तिच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. आपल्याच हातानं गुळगुळीत झालेल्या वस्तूला आपणच हात लावायचा नाही, आणि हे सांगणार कोण, तर काल मिसरूड फुटलेलं हे पोरगं. तिनं चपला काढल्या. खुर्चीवर पाय दिला आणि तिथून टेबलावर चढली. पिठल्याची वाटी कलंडली. टेबलावरची माणसं खुर्च्या सारत मागं झाली. एका वेटरनं घाबरून भिंतीवरचं बटण बंद केलं. आवडाबाईनं चाडं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. पहिल्या हिसक्याला आलं नाही. दुसऱ्याला वायर तुटली आणि छताचा थोडा चुना खाली पडला.

काकासाहेब धावतच आला.

"काकू, खाली उतरा. माणसं जेवतायत."

"हे माझ्या सासूचं हाय."

"होतं. आता माझं आहे. आधी खाली उतरा."

"कुणी दिलं तुला?"

काकासाहेबानं गिऱ्हाइकांकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. पण हॉल शांत होता, त्यामुळं सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"तुमच्या कडूबानं. स्वतः आणून दिलं, तिफणीसकट. घरी बसला होता, मायला कामाला लाव म्हणून माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. चुलीवर बसायला गावात बाया काय कमी होत्या? मी म्हटलं, जुनं लाकूड काय असेल ते आणून टाक, मायला उद्यापासून पाठव. मी फुकट नेलं नाय, काकू. ह्याच्याच बदल्यात तुम्हाला चुलीवर बसवलं."

आवडाबाई टेबलावर तशीच उभी राहिली. इतके महिने ज्या चुलीपुढं ती भाजून निघत होती, ती चूल या चाड्याच्या बदल्यात आलेली होती. तिचा अंगठा सवयीनं चाड्याच्या काठावर खोलगट जागा शोधत फिरला. सगळीकडं सारखंच लागलं. तिनं चाडं उजेडाकडं धरलं. काठ चकचकीत, गोल, नवा.

"हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? घाण केवढी होती त्याच्यावर. मशीन लावून, पॉलिश पेपर मारून चार तास घासलं माणसानं. आतून बघा कसलं सागवान निघालं."

"घाण नव्हती ती. हात व्हता."

"काय?"

"तुला नाय कळायचं. तुझ्या घरात कुणाचा हात कशाला लागला व्हता?"

ती खाली उतरली. तिफणीकडं बघून म्हणाली, "ती ठेव तुला. सुतारानं केली व्हती, सुतार दुसरी करील." मग मागच्या खोलीत जाऊन तिनं ते हिरवं लुगडं सोडलं, गोळा करून मधल्या चुलीपुढच्या पाटावर ठेवलं आणि आपलं पातळ नेसली. हौदावर कुंकू धुतलं. आज घासलं नाही, नुसतं पाणी मारलं.

"आवडे, काम जाईल गं," सरूबाई हळूच म्हणाली.

"गेलं."

रस्त्याच्या कडेनं ती चालत निघाली. चाडं काखेत. अर्ध्या वाटेवर मागून मोटरसायकल आली. काकासाहेबाचा फोन गेला असणार, कंपनीतून तसाच आला होता. कडूबा तिच्या बरोबरीनं गाडी हळू चालवत राहिला.

"माय, बस. लोकं बघायलीत."

ती चालत राहिली.

"ऊन हाय. बस आधी, मंग बोल काय बोलायचं ते."

"सांडूभावजीला चोर केलंस. तेबी माझ्या तोंडानं."

"मला ऐन वक्ताला काय सुचलं नाय."

"खोटं बरं सुचलं."

कडूबानं गाडी बंद केली आणि ढकलत चालायला लागला. त्याचाही आवाज चढला.

"चार महिने घरी बसून व्हतो. आशा रोज पिठाचा डबा वाजवून दाखवायची. तूच म्हणायची ना, मला कुठं तरी कामाला लाव, माझं हातपाय चालत्यात म्हणून? आता लावलं तर म्याच चोर. वर्साला एकदा काढायचं ते लाकूड. बाकीचं वरीस उंदरं मुततात त्याच्यावर. म्हणलं, कुणाच्या कामाला तरी येईल."

"कामाला लाव म्हणलं. माझं चाडं इक म्हणलं नव्हतं."

"इकलं नाय म्या. दिलं."

"इकलं आसतंस तर बरं झालं आसतं. इकल्या वस्तूला किंमत तरी आसती. तू हसून दिलं आसशील, शेठ घ्या म्हणून."

कडूबा गाडी ढकलत राहिला. खरंच तसंच दिलं होतं त्यानं.

ती घराकडं वळली नाही. आधी सांडूच्या दारात गेली. तो ओसरीवरच होता. सकाळचे दोघे आता नव्हते, पण आवडाबाईनं रस्त्यावरूनच मोठ्यानं सांगितलं, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं.

"भावजी, सकाळी म्या तुमाला चोर म्हणले. ते खोटं व्हतं. कडूबा, सांग."

कडूबानं सांगितलं. जमिनीकडं बघत, अर्धं गिळत, पण सगळं सांगितलं. सांडूनं त्याच्याकडं बघितलंच नाही. त्यानं पुढं होऊन चाडं हातात घेतलं, काठावरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, मग पुन्हा उलट्या बाजूनं.

"आईची जागा कुठंय?" तो म्हणाला.

चतुराबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"चला," आवडाबाई म्हणाली. "दोघंबी चला. आज भाकर माझ्याकडं."

घरी आल्यावर तिनं परसातली चूल झाडून काढली. आशाचा गॅस आल्यापासून त्या चुलीवर फक्त अंघोळीचं पाणी तापायचं. तिनं राख काढली, दगड नीट बसवले आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड आणून कडूबापुढं टाकली.

"फोड."

"काय?"

"चाडं फोड. जळणाएवढं कर."

कडूबा दोन पावलं मागं सरला. "माय, येडी झाली का? आता आणलंस ना परत? ठेव घरात. चांगलं देव्हाऱ्यापाशी ठेवू. म्या कधी हात लावणार नाय."

"शोभेलाच ठेवायचं आसलं तर तिथं काय वाईट व्हतं? दिवा व्हता, गार हवा व्हती."

"वहिनी, थांबा जरा," सांडू म्हणाला. "बद्रीनाथाची तिफण मागू, उद्याची पेरणी करू ह्याच्यानं, मंग बघू."

आवडाबाईनं बियाच्या पिशवीतून ओंजळभर ज्वारी काढली, चाड्यात टाकली आणि चाडं वर उचलून धरलं. दिव्याचं होल्डर बसवायला मधलं भोक पोखरून मोठं केलेलं होतं. दाणे भसकन मधूनच खाली पडले. बाजूच्या दोन भोकांतून एखादा दुसरा निघाला.

"बघा. पेरा ह्याच्यानं."

"सुतार बूच मारून दील," कडूबा म्हणाला. "उद्या सकाळीच नेतो."

"भोक बुजंल. हात कोण आणून दील?"

तिला आता रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही, रागच आला. काकासाहेबाचा तर होताच, पण तो परका. पोटच्या पोराचा राग कुठं ठेवायचा हे तिला कळत नव्हतं. हा पोरगा रांगत होता तेव्हा पेरणीच्या दिवशी बांधावर झोळीत झोपायचा. तास संपलं की ती चाडं सोडून त्याला पाजायची आणि पुन्हा मूठ धरायची. त्याला त्यातलं काहीच लागलं नव्हतं. अंगाला नाही, मनाला नाही.

"पेरणीचं लाकूड मोडलं की ते उकिरड्यावर टाकू नाय, कुणाला देऊ नाय," ती म्हणाली. "आपल्या चुलीत घालावं आन् त्यावरची भाकर घरानं खावी. तुझी आजी हेच म्हणायची. तवा तू मोठा व्हता, ऐकत व्हता. फोड."

कडूबानं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव निसटला आणि कुऱ्हाड दगडावर खणकली. जुनं सागवान, वर पॉलिशानं निसरडं. दुसरा घावही बसला नाही. सांडू बघत होता, बायका बघत होत्या, आणि हा तिशी ओलांडलेला गडी एका वाडग्यासमोर घामाघूम झाला होता. त्यानं एकदा आईकडं बघितलं, की आता तरी ती पुरे म्हणेल. ती म्हणाली नाही. शेवटी त्यानं चाड्यावर ठेवायला पाय उचलला, जरा थांबला, मग ते पायाखाली दाबून धरलं आणि कुऱ्हाड हाणली. चाडं भोकांच्या रेघेत उभं चिरलं. मग सोपं गेलं.

पहिल्यांदा वॉर्निश पेटलं. काळा, डोळ्यांत जाणारा धूर आणि रंगाच्या दुकानासारखा वास. आवडाबाईनं तो सगळा जळू दिला. निखारे लाल झाल्यावर तवा ठेवला, पीठ मळलं आणि थापायला बसली. पहिली भाकर फुगली. ती तिनं कुणापुढं धरली नाही, सरळ टोपल्यात टाकली.

पाच माणसांपुढं पाच ताटं. लाल चटणी, कांदा आणि भाकर. ताटाला कुणी हात लावेना. सांडू कांद्याकडं बघत बसला होता. कडूबाच्या तळहातावर फोड आला होता, तो मूठ मिटून बसला होता.

"आत्या," आशानं विचारलं, "उद्या बद्रीनाथभाऊ बैलं घेऊन येतील. त्यांला काय सांगायचं?"

आवडाबाईनं चुलीत बघितलं.

"नको म्हणून सांग. ट्रॅक्टर बोलव."

कडूबानं मान वर केली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं भाकर मोडली, चटणीला लावली आणि सगळ्यांच्या आधी घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. तिला वाटत होतं की काहीतरी वेगळं लागेल, कडू नाहीतर गोड, निदान धुराचं तरी. भाकर रोजच्यासारखीच लागली. आणि दिवसभरातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा तिला त्याचाच जास्त राग आला.